ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी नको

रासायनिक अभिक्रियेत एका पदार्थाच्या वस्तुमानावरून दुसऱ्याचं वस्तुमान काढायच्या गणितात बहुतेकांचा पाय एकाच जागी घसरतो: समीकरणातले सहगुणक (सूत्रांच्या आधीचे आकडे) ते थेट ग्रॅमला लावतात. सहगुणक मोलचं (मोल म्हणजे कणांच्या ठरावीक संख्येचा गठ्ठा) प्रमाण सांगतात, ग्रॅमचं नाही.

समजा, २४.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोरेट तापवलं, तर ऑक्सिजन किती मिळेल? संतुलित समीकरणानुसार (दोन्ही बाजूंना अणू सारखे: 2KClO₃ → 2KCl + 3O₂) क्लोरेटच्या २ मोलपासून ऑक्सिजनचे ३ मोल. घाईत २४.५ ला ३/२ ने गुणलं की उत्तर येतं ३६.७५ ग्रॅम. म्हणजे मूळ पदार्थापेक्षा त्यातून निघालेला वायूच जड! इथेच शंका यायला हवी.

आधी मोल करा. क्लोरेटचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं वस्तुमान, १२२.५ ग्रॅम, म्हणून २४.५ ÷ १२२.५ = ०.२ मोल. आता ३/२ लावा, ०.३ मोल ऑक्सिजन. त्याला ३२ ने गुणा (१६ ने नव्हे, ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असतो, हीसुद्धा नेहमीची चूक). उत्तर ९.६ ग्रॅम.

पडताळा हवा असेल तर उरलेलं पोटॅशियम क्लोराइडही काढा (तेही ०.२ मोल, मोलर वस्तुमान ७४.५): ०.२ × ७४.५ = १४.९ ग्रॅम. दोन्हींची बेरीज बरोबर २४.५. आणि हो, समीकरण मुळात संतुलित आहे ना, हे आकडेमोडीला हात घालण्याआधीच बघा.