विक्री वाढते, पण पैसा राहत नाही: मसाला उद्योगातील या चुका टाळा

सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली या भागांत घरगुती मसाल्याचे छोटे कारखाने बरेच आहेत. मसाला कुटण्याची एखादी डंख गिरणी, भाजण्याची मोठी कढई, पिशव्या सील करण्याचे यंत्र आणि घरातलीच तीन-चार माणसे एवढ्या बळावर ते चालतात. असे उद्योग अडचणीत येतात, तेव्हा मालाला चव नव्हती किंवा गिऱ्हाईक मिळाले नाही असे सहसा घडलेले नसते. माल खपत असतो, दुकानदार पुन्हा मागणी करत असतात आणि तरीही पुढच्या हंगामाची मिरची घेण्यासाठी दागिने गहाण ठेवण्याची वेळ येते. याचे कारण बहुतेक वेळा रोजच्या कारभारात असते, आणि तपासाची सुरुवात भाव ठरवण्यापासून करावी.

समजा, मालवणी मसाल्याच्या एका घाण्यासाठी मिरची, धणे, बडीशेप आणि बाकीचे खडे मसाले मिळून दहा किलो कच्चा माल 3,000 रुपयांना पडला. पुष्कळ जण येथेच 300 रुपये किलो असा भाव मनात धरतात. प्रत्यक्षात मिरचीचे देठ निघतात, भाजताना ओलावा उडतो, गिरणीत थोडा माल चिकटून राहतो आणि हाती साडेआठ किलोच मसाला येतो. म्हणजे कच्च्या मालाचाच खर्च किलोमागे सुमारे 353 रुपये झाला. त्यात गॅस, कांडप, मजुरी, पिशवी, लेबल आणि वाहतूक यांचे 47 रुपये धरले, तर उत्पादन खर्च 400 रुपयांवर जातो. आता मालक त्यावर वीस टक्के नफा लावून पाकिटावर 480 रुपये किलो या हिशेबाने किंमत छापतो आणि दुकानदाराला वीस टक्के कमिशन कबूल करतो. दोन्हीकडे वीसच टक्के असल्यामुळे निदान बरोबरी होईल असे वाटते; पण नफा 400 वर मोजलेला असतो आणि कमिशन 480 वर. दुकानदाराचे 96 रुपये वजा जाता हातात 384 राहतात, म्हणजे प्रत्येक किलोमागे 16 रुपयांचा तोटा होतो आणि विक्री जितकी वाढेल तितका तो वाढत जातो. किलोमागे 80 रुपये खरोखर सुटायला हवे असतील, तर छापील किंमत 600 रुपये ठेवावी लागेल. जीएसटीचा भार या हिशेबात धरलेला नाही. छापील किंमत सर्व करांसह असते, त्यामुळे तोही त्यातूनच निघायला हवा.

एवढी किंमत बाजारात चालणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तसे असेल तर कमिशन कमी करणे, थेट गिऱ्हाइकाला विकणे किंवा तो मसाला बनवणे बंद करणे हे तीनच मार्ग उरतात. जास्त माल खपवून तोटा भरून काढणे हा चौथा मार्ग नाही. घरच्या माणसांची मजुरी हिशेबात न धरण्याची सवयही येथेच मोडावी. आज सून पाकिटे भरते म्हणून तो खर्च शून्य धरला, तर उद्या त्या कामावर बाई ठेवताच सगळा भाव कोलमडतो.

वजनाकडेही लक्ष असावे. शंभर ग्रॅमच्या पाकिटात अंदाजाने 103 ग्रॅम भरले, तर हजार पाकिटांमागे तीन किलो मसाला फुकट जातो. कमी भरले तर वैधमापन खात्याची कारवाई ओढवते. म्हणून वजनकाट्याची ठरलेल्या मुदतीत पडताळणी करून घ्यावी आणि दर घाण्यातील काही पाकिटे पुन्हा तोलून पाहावीत.

भाव बरोबर असूनही पैसा दिसत नसेल, तर तो उधारीत किंवा कोठारात असतो. मिरचीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे असा असतो. त्या काळात ब्याडगी आणि गुंटूर मिरची बहुधा रोखीने घ्यावी लागते, तर मसाला वर्षभर खपतो आणि दुकानदार पैसे त्याहूनही उशिरा देतो. स्वस्त मिळाली म्हणून वर्षाची मिरची एकदम भरून ठेवणारा मालक सगळे खेळते भांडवल पोत्यांत कोंडतो. शिवाय कोकणच्या पावसाळी हवेत मिरचीला बुरशी धरते, आणि बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते, जे भाजून किंवा दळून नाहीसे होईल असा भरवसा धरता येत नाही. तेव्हा अशी पोती निवडून वापरण्याऐवजी टाकून देणेच योग्य होय. कोरडी जागा किंवा शीतगृह हाताशी नसेल, तर दोन-तीन हप्त्यांत खरेदी केलेली बरी. भाव थोडा चढा पडला तरी चालेल.

उधारीत बहुतेकांची चूक एकच असते. माल दुकानात ठेवला की विक्री झाली असे वहीत लिहिले जाते, दुकानदाराच्या लेखी मात्र तो खपल्यावर पैसे द्यायचे असतात. सहा महिन्यांनी तोच माल मुदत संपल्यामुळे परत येतो. त्यावर बिल टू बिल ही जुनी पद्धत आजही सर्वांत उपयोगी आहे: मागच्या बिलाचे पैसे आल्याखेरीज पुढचा माल उतरवायचा नाही. उधारीची यादी नावांप्रमाणे न लावता दिवसांप्रमाणे लावावी, म्हणजे 60 दिवसांपुढची नावे आपोआप डोळ्यांत भरतात. मोठ्या खरेदीदारांकडून वसुली करताना उत्पादकाला कायद्याचाही आधार आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी माल देण्याआधीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवावी. ती विनामूल्य असल्यामुळे तिच्यासाठी दलालाला पैसे मोजण्याचे कारण नाही. अर्थात गावातल्या किराणा दुकानदारापुढे कायद्याचे कलम वाचून संबंध बिघडवण्यात शहाणपण नाही. तेथे बिल टू बिलच चालते.

घरखर्चासाठी गल्ल्यातून लागतील तसे पैसे उचलणे थांबवून महिन्याला ठरावीक रक्कम घ्यावी आणि धंद्याचे चालू खाते वेगळे ठेवावे. बँकेने मालखरेदीसाठी दिलेल्या कॅश क्रेडिटमधून नवीन गिरणी घेऊ नये. यंत्राची किंमत वसूल व्हायला काही वर्षे लागतात आणि मालासाठी मात्र पुढच्याच महिन्यात पैसे हवे असतात, म्हणून यंत्रासाठी मुदत कर्जच घ्यावे.

सीमेजवळच्या उत्पादकांची आणखी एक चूक अनेकदा नोटीस आल्यावरच लक्षात येते. महाराष्ट्रात मालाची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सर्वांना पाठ असते. पण सावंतवाडीचा मसाला गोव्यातील दुकानाला विकला, की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी बंधनकारक होते. त्यावर उपाय म्हणून कोणी उलाढालीवर एक टक्का कर भरण्याची कंपोझिशन योजना सुचवली, तर ती घेण्याआधी विचार करावा. त्या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. म्हापसा किंवा पणजीकडे नियमित माल जाणार असेल, तर सुरुवातीलाच नियमित नोंदणी घेऊन दरमहाचा किंवा तिमाही विवरणपत्रांचा खर्च भावात धरावा.