नॅनोफायबरमधून औषध सोडायचंय? टॉपिक घेण्याआधी हे वाचा

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला नाहीतर पीएचडीच्या सुरुवातीला "सर म्हणतायत नॅनोफायबरवर कर, घेऊ का टॉपिक?" असं विचारणारे ज्युनियर हमखास भेटतात. नॅनोफायबर म्हणजे पॉलिमरचे केसापेक्षा कितीतरी बारीक धागे, त्यात औषध भरायचं आणि ते हळूहळू बाहेर सोडायचं. मी म्हणते घे की, पण फायबर बनवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे हे आधी डोक्यात ठेव. औषध किती वेळात किती बाहेर आलं आणि का आलं हे दाखवण्यातच तुझा सगळा वेळ जाणार.

हे धागे इलेक्ट्रोस्पिनिंगने काढतात, म्हणजे पॉलिमरचं सोल्युशन विजेच्या दाबाने सुईतून ओढायचं. मशीन म्हणाल तर फार काही नसतं, एक सिरिंज पंप, हाय व्होल्टेज सप्लाय आणि समोर धागे गोळा करायला फॉइल लावलेला कलेक्टर. साधारण १० ते २० किलोव्होल्ट, ताशी अर्धा-एक मिली फ्लो, सुईपासून कलेक्टर १०-१५ सेंमी, इथून सुरुवात करा. सोल्युशन पातळ झालं की धाग्यावर मणी दिसतात, फार घट्ट झालं की सुईच चोक होते. पावसाळ्यात वेगळाच वैताग, पीव्हीपीसारखं पाण्यात विरघळणारं पॉलिमर वाळतच नाही, धागे एकमेकांना चिकटून बसतात, आणि पीसीएल (पाण्यात न विरघळणारं पॉलिमर) क्लोरोफॉर्ममधून काढत असाल तर हवेतल्या बाष्पामुळे धाग्यावर बारीक छिद्रं पडतात, आणि मग जून आणि जानेवारीतल्या बॅचचा रिलीज (औषध बाहेर येण्याचा वेग) जुळला नाही की डोकं धरून बसायचं. म्हणून प्रत्येक बॅचला ह्युमिडिटी वहीत लिहायचीच. आणि सप्लाय बंद करून डिस्चार्ज केल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही, यात चर्चा नको.

सॉल्व्हंट निवडताना पोरं फक्त पॉलिमर विरघळतंय का एवढंच बघतात. पण तो थोडा धाग्यात उरतोच. औषधांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या आयसीएचच्या गाइडलाइनमध्ये उरलेल्या क्लोरोफॉर्मची मर्यादा ६० पीपीएम (दहा लाखात ६० भाग) आहे, डीएमएफ या सॉल्व्हंटची ८८० आणि ॲसिटोनची ५०००. फरक बघा केवढा आहे! उद्या सेल कल्चरमध्ये पेशी मेल्या तर औषधाने मेल्या की उरलेल्या सॉल्व्हंटने, हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी औषध न घातलेलं कोरं फायबर पण प्रत्येक टेस्टला सोबत ठेवा.

आता औषध. सगळ्यांना कर्क्युमिनच हवं असतं, स्वस्त आहे, पिवळं दिसतं, हळदीचं म्हणून इंट्रोडक्शन लिहायला पण बरं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पीएच ७.४ च्या बफरमध्ये अर्ध्या तासात बरंचसं खराब होतं. मग नुसत्या पीबीएसमध्ये (तोच ७.४ चा फॉस्फेट बफर) फायबरची मॅट बुडवून दहा दिवसांत वीस टक्के आलं की लगेच "सस्टेन्ड रिलीज", म्हणजे औषध हळूहळू येतंय, असं लिहून मोकळं व्हायचं? ते फायबरने धरून ठेवलंय, का बाहेर विरघळायला जागाच नाही, का बाहेर येऊन तुटून गेलंय? आधी सिंक कंडिशन सांभाळा, म्हणजे सगळं औषध विरघळायला लागेल त्याच्या निदान तिप्पट मीडियम घ्या, गरज पडली तर औषध विरघळायला मदत करणारं थोडं ट्वीन ८० घाला, आणि शेवटी उरलेलं फायबर विरघळवून आत किती राहिलं ते मोजा. बाहेर आलेलं आणि आत उरलेलं यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या आसपास यायला हवी. बरेच जण हे शेवटचं काम करतच नाहीत, माझ्या मते निम्मा थिसिस तिथेच आहे.

पाण्यात सहज विरघळणारं औषध घेतलं तर उलटा त्रास. सॉल्व्हंट उडताना ते धाग्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतं आणि पहिल्या काही तासांतच भसकन बाहेर पडतं, यालाच बर्स्ट म्हणतात. पीसीएल शरीरात विरघळायला दोनेक वर्षं घेतं, त्यामुळे पॉलिमर हळू जातंय म्हणून औषध हळू येईल या भरवशावर राहू नका, तिथे सगळा खेळ डिफ्युजनचा, म्हणजे औषध पॉलिमरमधून झिरपत बाहेर येण्याचा आहे. बर्स्ट कमी करायचा तर कोअॅक्सियल सुईने औषध आत आणि पॉलिमर बाहेर असं करतात, पण ते सेट करायला वेळ जातो.

आणि धाग्यातून औषध द्यायची ही आयडिया काही कालची नाही बरं का. ॲक्टिसाइट नावाचा इथिलीन व्हिनाइल ॲसिटेटचा २३ सेंमी धागा होता, त्यात १२.७ मिग्रॅ टेट्रासायक्लिन, दात आणि हिरडीच्या मधल्या खाचेत भरायचा, दहा दिवस औषध द्यायचा. धागा विरघळणारा नव्हता, त्यामुळे डेंटिस्टला नंतर काढावा लागायचा. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हे उदाहरण चांगलं चालतं.

व्हायवावरून आठवलं, औषध कशामुळे बाहेर आलं हे ठरवायला वापरतात ते कोर्समायर-पेपास मॉडेल (गणिती सूत्र) पूर्ण ग्राफला लावू नका, ते पहिल्या ६० टक्के रिलीजपुरतंच आहे. बाहेरून आलेले परीक्षक हे हमखास पकडतात.

नोकरीचं विचाराल तर "नॅनोफायबर सायंटिस्ट" अशी जाहिरात क्वचितच दिसेल. इंटरव्ह्यूत एचपीएलसी (औषध किती आहे ते मोजायचं यंत्र) मेथड व्हॅलिडेशन आणि डिसोल्युशन (औषध विरघळण्याची टेस्ट) विचारतात, तेव्हा तेच पक्कं करा. पीएचडी करायची तर नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) काढा, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, टेक्स्टाइलवाल्यांना गेटचा पण रस्ता आहे. आणि टॉपिकला हो म्हणायच्या आधी गाइडना सरळ विचारा, एचपीएलसी डिपार्टमेंटची आहे का बाहेर सॅम्पल पाठवायचे, कारण प्रत्येक रिलीज स्टडीला ढीगभर सॅम्पल निघतात आणि त्यांचे पैसे कोण देणार हे आधी ठरलेलं बरं.