केबल फॉल्ट शोधताना खड्डा चुकतो तो इथे! या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की नाशिकच्या अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतून फोन येतात, "साहेब, ११ केव्हीची केबल गेली, थंपर घेऊन या." घाई समजते. आत मशिनं थांबलेली असतात आणि मालक डोक्यावर उभा असतो. पण थंपर, म्हणजे जमिनीतल्या केबलला उच्च व्होल्टेजचे धक्के देऊन फॉल्टवर आवाज काढणारं यंत्र, हे शेवटचं हत्यार आहे. ते आधी काढलं की अर्धा दिवस वाया जातो आणि धडधाकट केबललाही मार बसतो.

आधी मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा मीटर) लावा. प्रत्येक फेज अर्थशी, मग फेज फेजशी, आणि पलीकडचं टोक शॉर्ट करून कंटिन्युइटी, म्हणजे तार सलग आहे का ते. इथे एक बारीक चूक सगळेच करतात. मेगरवर शून्य दिसलं की "डेड शॉर्ट" लिहून मोकळे होतात. मेगरला ५ ओहमही शून्य आणि ५,००० ओहमही शून्यच. साधा मल्टिमीटर लावून नेमका आकडा घ्या, कारण पुढची पद्धत त्यावरच ठरते.

टीडीआर हे केबलमध्ये पल्स सोडून ती परत यायला लागलेल्या वेळेवरून फॉल्टचं अंतर सांगणारं यंत्र. त्याची पल्स काहीशे ओहमपर्यंतच्या फॉल्टवरूनच नीट परत येते. त्याहून जास्त रेझिस्टन्स असेल तर ती फॉल्ट ओलांडून थेट दुसऱ्या टोकाला जाते आणि स्क्रीनवर केबल निरोगी दिसते. नवीन मुलं इथे फसतात, "सर, फॉल्ट नाहीच" म्हणतात. अशा वेळी आर्क रिफ्लेक्शन वापरायचं. सर्ज (उच्च व्होल्टेजचा धक्का) देऊन फॉल्टवर क्षणभर ठिणगी पाडायची, त्याच क्षणी पल्स सोडायची आणि आधीचा आलेख व हा आलेख एकावर एक ठेवायचे. दोन्ही जिथे वेगळे होतात, तिथे फॉल्ट.

पल्सचा वेग चुकीचा भरला तर ही सगळी मेहनत पाण्यात. पल्स जाऊन परत येते, म्हणून यंत्रात निम्मा वेग भरतात. एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलला हा निम्मा वेग मायक्रोसेकंदाला साधारण ८० ते ८६ मीटर येतो. यंत्रात ८६ भरलंय आणि केबल ८० ची आहे, तर स्क्रीनवरचे ९०० मीटर प्रत्यक्षात ८३७ असतात. ६३ मीटर म्हणजे शेजारच्या कंपनीचं गेट! केबलची खरी लांबी माहीत असेल तर चांगल्या फेजवर टोक पाहून वेग जुळवून घ्या. आणि हे मीटर केबलचे असतात, जमिनीवरचे नव्हे. प्रत्येक जॉइंटजवळ सोडलेला लूप वजा करा.

मग थंपर. समजा २,००० ज्यूलचं यंत्र आहे आणि रेंज ८, १६, ३२ केव्ही. बरेच जण ३२ ची रेंज ठेवून नॉब ८ वर आणतात. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून हाती उरतात १२५ ज्यूल. जमिनीवर काही ऐकू येत नाही म्हणून मग व्होल्टेज वाढवतात, आणि जुन्या एक्सएलपीईचं इन्सुलेशन आणखी कमजोर करतात. तेच ८ केव्ही ८ च्या रेंजवर दिलं तर पूर्ण २,००० ज्यूल मिळतात. फॉल्ट फुटतो तेवढ्याच व्होल्टेजला धक्का द्या, तासन्तास ठोकत बसू नका.

थंपरची परतीची वायर केबलच्या आर्मरला (पोलादी कवचाला) किंवा आतल्या धातूच्या स्क्रीनलाच लावा. आपल्याकडे वरची माती काढली की मुरूम आणि काळा दगड लागतो, तिथे ठोकलेल्या अर्थच्या सळईच्या भरवशावर राहू नका.

आवाजाने मी स्वतः एकदा फसलोय. सातपूरला रस्त्याखालून एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) पाइपमधून गेलेली केबल होती. जमिनीवर ठेवलेल्या माइकच्या हेडफोनमध्ये पाइपच्या तोंडाशी "धप्, धप्" इतकं स्पष्ट येत होतं की मी लगेच खोदायला सांगितलं. १ मीटर खाली केबल नवीकोरी. आवाज पाइपमधून वाहत तोंडाशी आला होता. मग माइकच्या पेटीवरचा वेळ पाहिला. थंपरच्या धक्क्याची चुंबकीय लहर आणि आवाज पोहोचण्याच्या वेळेतलं अंतर तोंडाशी १२ मिलिसेकंद होतं, रस्त्याच्या मध्याकडे सरकलो तसं ४ वर आलं. आवाज तिथे अगदी दबलेला, पण केबल तिथेच गेली होती. ओढताना खरवडलेली जागा होती ती. तेव्हापासून पोरांना सांगतो, कान मोठ्या आवाजाकडे जातो, जाऊ द्या. खड्डा मात्र सर्वात कमी वेळ दिसेल तिथेच घ्या.

फॉल्ट अगदी धातूला धातू चिकटल्यासारखा असेल तर ठिणगीच पडत नाही, मग माइक लावून उपयोग नाही. फेज-फेज शॉर्टला केबलमध्ये ऑडिओ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देऊन वरून ऐकत चालत जा, फॉल्टपुढे सूर मंदावतो.

यंत्र गाडीतून उतरवण्याआधी एकदा रूटवरून चालत जा. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जागोजागी खोदकाम चाललंय. जेसीबीचा दात बाहेरच्या आवरणाला लागून गेला तर केबल त्या दिवशी जात नाही, पाणी आत शिरल्यावर महिन्यांनी जाते. ताजं डांबर दिसलं की ती जागा लिहून ठेवा. केबल टाकण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १२५५) ११ केव्ही केबल ०.९० मीटर खोल असते, पण रस्त्यावर थरावर थर चढले असतील तर ती त्याहून खाली सापडेल.

हे सगळं करताना पलीकडच्या टोकाला फोन घेऊन माणूस उभा हवाच, टोक उघडं आणि दोरीने घेरलेलं. आणि टेस्ट संपल्यावर डिस्चार्ज रॉड नुसता टेकवून उचलू नका. एक्सएलपीईत मुरलेला चार्ज थोड्या वेळाने परत वर येतो. आधी रेझिस्टन्समधून सोडा, मग थेट अर्थ करा, आणि जॉइंटर (केबल जोडणारा कारागीर) केबलला हात लावेपर्यंत तो अर्थ तसाच राहू द्या.