पॅनिक अटॅकवर दारूचा उतारा? या चुका टाळा

‘एक पेग मारला की बरं वाटतं.’ पॅनिक अटॅक येणाऱ्यांच्या आमच्या आधारगटात नवीन आलेला माणूस हे बोलायला लागला की पुढचं मीच पूर्ण करतो, इतक्यांदा ऐकलंय. बरं वाटतं हे खोटं नाही, पण श्रेय भलत्यालाच जातं. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारी तीव्र भीती, साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात आपला आपण ओसरतो. दारू चढायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पाहुणा निघालेलाच असतो, पण मेंदू नोंद करतो की दारूने हाकलला.

खरी वसुली उतरताना होते. दारूने दाबून ठेवलेली मज्जासंस्था उलटी उसळते: पहाटे जाग, धडधड, घाम. आमच्या गटातला एक हिशेबनीस ‘आजार वाढला’ म्हणत डोस वाढवत गेला. आधी फक्त रात्री, मग दुपारी पाण्याच्या बाटलीतून. शेवटी कुणा शहाण्याने त्याला सांगितलं, ‘मनावर घे, आजपासून बंद.’ त्याने खरंच एका झटक्यात बंद केली. दुसऱ्या रात्री हात इतके थरथरले की शर्टाचं बटण लागेना, आणि पहाटे फिट आली. पुढचे दिवस रुग्णालयात गेले.

म्हणून रोज पिणाऱ्याने आणि झोपेच्या किंवा ‘शांत करणाऱ्या’ गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे) नियमित घेणाऱ्याने एकदम थांबवायचं नाही. डॉक्टरांना खरा आकडा सांगायचा आणि ते ठरवतील तसं कमी करायचं. ‘कधीतरी घेतो’ असं पुटपुटणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. डॉक्टर काय अंतर्ज्ञानी असतात?

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे ‘मोठ्ठा श्वास घे’ हा सल्ला. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. त्यात आणखी छाती भरून श्वास घेतला की हे सगळं वाढतं आणि माणूस म्हणतो, ‘गेलो!’ मी आधी श्वास सोडायला लावतो. मग नाकाने ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर. खांदे हलायला नकोत, पोट हललं पाहिजे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना प्रकार सोडून द्या. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर हा प्रकार धोक्याचा आहे.

आणि हा सराव बरं असताना करायचा. अटॅक आल्यावर पहिल्यांदा करून ‘आपल्याला नाही बुवा जमत’ म्हणणारे तहान लागल्यावर विहीर खणतात.

बाकीचं थोडक्यात. गांजाने काहींना उलट अटॅक येतो. ‘नैसर्गिक आहे’ हे मला ऐकवू नका. कॉफी कमी करा. घड्याळात दर मिनिटाला नाडी बघू नका. छातीत दुखणं पहिल्यांदाच असेल तर तपासून घ्यायचंच, थायरॉइडसुद्धा. पण सगळं व्यवस्थित निघाल्यावर पुन्हा पुन्हा ईसीजी काढून भीती जात नाही, तीन दिवस गप्प बसते एवढंच.

गर्दी, लिफ्ट, प्रवास टाळायला लागलात की जग आकसत जातं. तिथे थेरपी लागते. संज्ञानात्मक वर्तन उपचारात (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) मुद्दाम जागच्या जागी धावायला लावतात, खुर्चीत गरगर फिरवतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात. धडधडलं म्हणजे मेलो नाही, हे शरीराला कळावं म्हणून. हिशेबनीसाने पहिल्या दिवशी याला ‘पोरखेळ’ म्हटलं होतं. आता नवीन आलेल्यांना खुर्ची तोच फिरवून देतो.

डॉक्टरांनी एसएसआरआय गटाची (चिंता आणि नैराश्यावरची) औषधं दिली तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते. पाचव्या दिवशी गोळ्या फेकून बाटलीकडे वळण्याआधी डॉक्टरांना फोन करा.