पाळीव पक्षी निवडताना स्वभाव कसा पाहावा
घरात पक्षी आणण्यापूर्वी त्याला रोज किती वेळ देता येईल हे ठरवावे आणि मगच जात निवडावी. बजरीगर हा ऑस्ट्रेलियातील थव्याने राहणारा छोटा पोपट असल्यामुळे तो दिवसभर एकटा राहणार असेल, तर जोडी आणणेच योग्य. मात्र जोडीतले पक्षी माणसाला उशिरा सरावतात. दुकानांत बजरीगरलाच अनेकदा ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, पण खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, धीट आणि आपल्या पिंजऱ्याबाबत इतका हट्टी असतो की आत घातलेल्या बोटाला तो सहज चावतो, म्हणून त्याला बजरीगरांसोबत ठेवू नये.

नवशिक्यासाठी, माझ्या मते, कॉकाटील हा डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट सर्वांत बरा, कारण तो सौम्य असतो आणि त्याची मनःस्थिती तुऱ्यावरून ओळखता येते. तुरा ताठ उभा असल्यास पक्षी सावध किंवा दचकलेला असतो. तुरा डोक्याला चिकटवून तो फिसकारू लागला, तर हात मागे घ्यावा. तो १५ ते २० वर्षे जगू शकतो, याचाही विचार आधीच करावा. फिंच हे चिमणीसारखे छोटे पक्षी केवळ पाहण्यासाठी पाळावेत, हाताळणे त्यांना मानवत नाही. आपला देशी पोपट कितीही बोलका असला, तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो पाळणे गुन्हा आहे.