पंचवीस मीटरच्या पिस्तुलासाठी घेतलेलं लांब मॅगझिन: स्पर्धेआधी कसं तपासावं

माझ्याकडे शिकणारी एक मुलगी मागच्या हंगामात २५ मीटरच्या स्पर्धेत रॅपिडच्या, म्हणजे झटपट शॉट मारायच्या, फेरीत उभी होती. हात ४५ अंशांवर खाली, टार्गेट सात सेकंद बंद, मग तीन सेकंद समोर. पहिला दहा, दुसरा नऊ. तिसऱ्याला तिने ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही. तिने पिस्तूल टार्गेटच्या दिशेने धरूनच मोकळा हात वर केला. रेंज ऑफिसरने तपासलं तेव्हा मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची डबी, एखादा मिलिमीटर खाली सरकलेलं होतं. ते धरून ठेवणारा खटका पूर्ण बसलाच नव्हता. नियमाप्रमाणे मॅगझिन नीट न बसवणं ही नेमबाजाची चूक धरली जाते, त्यामुळे पाच शॉट्सची ती मालिका पुन्हा मिळाली नाही. उरलेल्या तीन शॉट्सचे तीन शून्य, म्हणजे तीस गुण गेले. बाहेर आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "सर, मी तर टक् आवाज ऐकला होता."

आवाज तिने खरोखर ऐकला होता. मॅगझिन दुसऱ्या कंपनीचं, लांब, दहा राउंडचं (काडतुसांचं) होतं आणि सरावात दोन वेळा व्यवस्थित चाललं होतं. त्या दोन वेळांवर आम्ही विसंबलो, आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून जी पद्धत मी पाळतो, ती इथे सविस्तर लिहितोय. हे सगळं .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलाबद्दल आहे, म्हणजे २५ मीटरच्या स्पर्धांत वापरतात त्या.

आधी कागद. शस्त्र अधिनियम १९५९ मधल्या शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. त्यामुळे मॅगझिन म्हणजे मोबाइलचं कव्हर नव्हे, की कुठूनही कुरिअरने मागवलं. परवानाधारक दुकानातून, परवाना दाखवून घ्या आणि बिल जपून ठेवा. शंका असेल तर परवाना जिथून मिळाला तिथेच विचारा. नाशिक शहरात ते पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय.

दुसरा प्रश्न, लांब मॅगझिन मुळात हवंच का? मालिकेत पाचच राउंड भरायचे असतात, त्यामुळे दहाची क्षमता स्पर्धेत काही कामाची नाही. लोक ते घेतात, कारण सरावात भरणं सोपं जातं, खालचा भाग बाहेर आल्याने ओढून काढता येतं आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतं. पण स्पर्धेत पिस्तूल सगळ्या जोडण्यांसह ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं, आणि रिकाम्या मॅगझिनसह वजन १४०० ग्रॅमच्या आत असावं लागतं. म्हणून मी सगळ्यात आधी पुठ्ठ्याची तेवढ्या आतल्या मापाची पेटी बनवतो, नवं मॅगझिन लावून रिकामं पिस्तूल तिच्यात ठेवून बघतो आणि मग वजन करतो. तिथेच अडलं तर ते मॅगझिन फक्त सरावाला. पुढची मेहनत स्पर्धेच्या नावाने करण्यात अर्थ नाही.

घरच्या टेबलावरची तपासणी

२५ मीटरचा सराव मी नाशिकहून पुण्यातल्या बालेवाडीला जाऊन करतो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जायचं आणि तिथे गेल्यावर कळायचं की फॉलोअर (मॅगझिनमध्ये स्प्रिंगवर बसून राउंड वर ढकलणारा तुकडा) अडकतोय, हे परवडत नाही. म्हणून जेवढं घरी होतं तेवढं घरीच. एकच अट आहे, या टेबलावर एकही जिवंत राउंड नको. राउंड वेगळ्या कपाटात, कुलूप लावून. पिस्तूल रिकामं, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, राउंड बसायची जागा) डोळ्यांनी बघून तपासलेलं, ते रिकामं असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग घातलेला.

कंपनीचं मूळ मॅगझिन आणि नवं मॅगझिन शेजारी ठेवा. तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या पात्या असतात, त्यांना फीड लिप्स म्हणतात. मॅगझिनचं सगळं काम या दोन पात्यांवर आहे. राउंड किती उंचीवर थांबेल, कोणत्या कोनात वर बघेल आणि कोणत्या क्षणी सुटेल हे त्या ठरवतात. व्हर्नियरने पुढची आणि मागची फट दोन्ही मॅगझिनवर मोजून वहीत लिहा. डावी-उजवी बाजू सारखी आहे का, हे उजेडाकडे धरून समोरून बघा. मग कापसाचा बोळा पात्यांच्या आतल्या कडेवरून हळू फिरवा. धागा अडकला तर तिथे बारीक कंगोरा आहे. .२२ ची गोळी उघड्या शिशाची असते, वर मेणाचा थर असतो. असा कंगोरा तिला रंधा मारल्यासारखा सोलतो आणि तो चुरा चेंबरच्या तोंडाशी साचतो.

पक्कड घेऊन पात्या वाकवू नका. हे मी मनापासून सांगतो. अर्ध्या मिलिमीटरचा अंदाज हाताला येत नाही, आणि एकदा वाकवलेला पत्रा पुन्हा सरळ केला तरी पहिल्यासारखा राहत नाही. माप जुळत नसेल तर दुकानात परत द्या.

आता फॉलोअर अंगठ्याने तळापर्यंत दाबा आणि सावकाश सोडा. कुठे थबकतो, कुठे तिरका होतो, हे बोटाला कळतं. दहा-बारा वेळा करा. लांब मॅगझिनमध्ये स्प्रिंगही लांब असते, आणि लांब स्प्रिंग मधल्या वळणांवर भिंतीला घासण्याची शक्यता जास्त. खरखर जाणवली तर तळाचं झाकण, म्हणजे बेसप्लेट, काढा. डोळ्यांना चष्मा हवा आणि प्लेटवर अंगठा हवा, कारण स्प्रिंग उडते. काढण्याआधी फोनवर फोटो घ्या, कारण स्प्रिंग उलटी बसली की फॉलोअरचं नाक खाली झुकतं. आत कारखान्यातलं चिकट तेल असतं, ते कोरड्या सुती कापडाने पूर्ण पुसा. नवीन तेल आत घालू नका. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे वारा सुटला की बंद खोलीतल्या टेबलावरही बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. तेल, धूळ आणि जळकी दारू यांचा जो लगदा होतो, त्याने चांगलं मॅगझिनही रखडतं.

मग खटका. याच ठिकाणी आमचे तीस गुण गेले, म्हणून इथे घाई नको. रिकामं मॅगझिन आत सरकवा, आवाज आला तरी थांबू नका, बेसप्लेट धरून जोरात खाली ओढा. वीस वेळा घाला, वीस वेळा ओढा. राउंड चेंबरमध्ये ढकलणारा बोल्ट पुढे असताना करा आणि मागे अडकवलेला असतानाही करा, कारण बोल्ट पुढे असला की तो वरून दाबतो आणि मॅगझिन बसायला जास्त जोर लागतो. त्या मुलीच्या मॅगझिनवर खटक्याची खाच किंचित खाली कापलेली होती. दात खाचेच्या कडेवर टेकायचा, आवाज यायचा आणि दोन शॉट्सच्या हादऱ्यात निसटायचा. भिंगातून पाहिल्यावर त्या कडेवर केसाएवढी चकचकीत रेघ दिसली. काळ्या मुलाम्यावर अशी चमकणारी जागा दिसली की समजा, तिथे धातू धातूला नको तिथे भेटतोय.

शेवटी प्रत्येक मॅगझिनला नंबर. नेलपॉलिशचे ठिपके चालतात, एक, दोन, तीन. सारखी दिसणारी मॅगझिन बॅगेत मिसळली की कोणतं बिघडलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

रेंजवर

रेंज ऑफिसरला आधी सांगा की मॅगझिनची चाचणी आहे. चष्मा, कानांना मफ, आणि 'लोड' म्हटल्याशिवाय राउंडला हात नाही. पिस्तूल आदल्या दिवशी साफ केलेलं असावं. राउंड तेच घ्या जे स्पर्धेत वापरणार आहात, शक्यतो त्याच लॉटचे. स्वस्त राउंडवर केलेली चाचणी फक्त त्या स्वस्त राउंडबद्दल सांगते.

भरताना .२२ ची एक खोड लक्षात ठेवा. या राउंडच्या बुडाला रिम, म्हणजे कडा, असते, केसपेक्षा (धातूच्या नळकांड्यापेक्षा) रुंद, साधारण सात मिलिमीटरची. वरच्या राउंडची रिम खालच्या राउंडच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. ती मागे अडकली तर बोल्टने कितीही ढकललं तरी राउंड पुढे सरकत नाही. याला रिम लॉक म्हणतात. म्हणून राउंड खाली दाबून मग मागे सरकवत भरा, आणि शेवटी बाजूच्या खिडकीतून नजर टाका, सगळ्या रिम पायऱ्यांसारख्या एकापुढे एक दिसायला हव्यात.

पहिल्यांदा एकच राउंड भरा. सुटतो का, केस बाहेर पडते का, आणि तुमच्या पिस्तुलात तशी सोय असेल तर बोल्ट मागे थांबतो का, ते बघा. मग दोन. दोन यासाठी, की एका दाबात दोन सुटण्याचा दोष असेल तर तो इथेच कळावा, पाच भरलेले असताना नको. मग पाच. त्यानंतर मूळ मॅगझिन आणि नवं मॅगझिन आलटूनपालटून चालवा. मूळ मॅगझिन सोबत नसेल तर अडखळल्यावर दोष मॅगझिनचा, राउंडचा की पिस्तुलाचा, हे सांगता येत नाही.

अडखळलं की पिस्तूल टार्गेटकडेच ठेवा. ट्रिगर दाबला आणि सुटला नाही, तर तीस सेकंद थांबा. मग आधी मॅगझिन काढा, त्यानंतर बोल्ट उघडा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा शॉट मारूच नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते.

बाहेर काढलेला राउंड फेकू नका. त्यावर सगळं लिहिलेलं असतं. रिमवर पिनचा ठसा आहे आणि तरी सुटला नाही, तर तो मिसफायर, मॅगझिनचा त्याच्याशी संबंध नाही. गोळीच्या नाकावर खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखी दाबलेली खूण असेल तर राउंड नाक खाली करून येतोय, म्हणजे फॉलोअर किंवा पुढची फट बघा. वरच्या बाजूला ओरखडा असेल तर तो पात्यांतून लवकर सुटून चेंबरच्या वरच्या कडेवर आपटतोय. एका बाजूला शिसं सोललेलं असेल तर त्या बाजूच्या पातीवर कंगोरा राहिलाय.

वहीत मॅगझिनचा नंबर, कितवी भरणी, त्यातला कितवा राउंड आणि काय झालं, एवढंच लिहा. कितवा राउंड हा रकाना सगळ्यात बोलका. नेहमी शेवटचाच अडत असेल तर स्प्रिंग वर यायला कमी पडतेय. लांब मॅगझिनमध्ये पाचच भरले की स्प्रिंग दहा भरल्याच्या तुलनेत कमी दबलेली असते. म्हणून दहाच्या मॅगझिनची चाचणी दहा भरून करू नका, पाच भरूनच करा, स्पर्धेत तशीच चालवायची आहे. पहिलाच अडत असेल तर भरण्याची पद्धत किंवा पात्या तपासा. कधी दुसरा, कधी चौथा आणि मूळ मॅगझिनमध्येही तसंच होत असेल तर नव्या मॅगझिनला दोष देऊ नका, पिस्तूल आणि राउंड बघा.

किती राउंड पुरे? बरेच जण पन्नासचा एक डबा संपवतात आणि 'पास' म्हणतात. संख्याशास्त्रात एक साधा ठोकताळा आहे. ठरावीक वेळा करून एकदाही चूक झाली नाही, तर तीनला त्या संख्येने भागा. चुकीचं खरं प्रमाण जास्तीत जास्त तितकं असू शकतं, ९५ टक्के खात्रीने. पन्नास राउंड बिनतक्रार गेले तरी शंभरात सहा अडण्याची शक्यता उरते. दीडशे गेले तर शंभरात दोन. स्पर्धा साठ शॉट्सची असते, म्हणजे दीडशेच्या चाचणीनंतरसुद्धा एखादा अडखळा अगदीच अशक्य नाही. तरी मी दीडशे, म्हणजे पाचच्या तीस भरण्या, ही किमान रेषा धरतो, कारण राउंड परवान्यावर मोजून मिळतात. त्यानंतर सराव चालू असताना वही चालूच ठेवायची. सहाशेपर्यंत आकडा गेला की प्रमाण अर्ध्या टक्क्यावर येतं, तेव्हा मी ते मॅगझिन स्पर्धेच्या पेटीत टाकतो. मध्ये मॅगझिनमुळे एकदा अडलं, तर कारण शोधून मोजणी पुन्हा शून्यापासून. त्याच कारणाने दुसऱ्यांदा अडलं, तर ते कायमचं सरावाला.

एक चाचणी थंडीत करा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्या खाली जातो, शहरातही पहाटे बोटं आखडतात. गोळीवरचं मेण अशा वेळी कडक होतं आणि उन्हाळ्यात सुरळीत चाललेलं मॅगझिन रखडू शकतं. राज्य स्पर्धा सकाळच्या सत्रात आली तर हेच समोर येतं.

मॅगझिन सिमेंटच्या फरशीवर तोंडावर पडलं, तर आधीचे सहाशे राउंड विसरा. व्हर्नियर काढा, पहिल्या दिवशी वहीत लिहिलेल्या मापाशी पात्या ताडून बघा आणि तीस भरण्या पुन्हा सुरू करा. त्या मुलीचं ते लांब मॅगझिन आता तीन लाल ठिपके लावून सरावाच्या डब्यात आहे. स्पर्धेला ती मूळ कंपनीची दोन मॅगझिन नेते, आणि प्रत्येक मालिकेआधी बसवलेलं मॅगझिन एकदा खाली ओढून बघते.