गच्चीवरून मृग नक्षत्र टिपताना या चुका टाळा

गच्चीवरून काढलेला आकाशाचा फोटो बिघडला की पहिला दोष शहराच्या उजेडाला आणि दुसरा कॅमेऱ्याला दिला जातो. बऱ्याचदा त्यात दोघांचाही हात नसतो. फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून एकेका चांदणीचा आकार न्याहाळला, तर काय चुकले ते बहुधा तिथेच कळते. येथे साधा डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स, ट्रायपॉड आणि मृग नक्षत्र एवढेच गृहीत धरले आहे. जानेवारीच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास मृग महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर येतो आणि त्याच्या पोटातील तीन चांदण्यांच्या बाणाखालचा तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग) शहरातूनही उमटतो.

चांदणी टिंबासारखी न दिसता फिकट चकतीसारखी दिसत असेल, तर फोकस चुकला आहे. लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबणे ही यातली नेहमीची चूक आहे, कारण बहुतेक ऑटोफोकस लेन्सची रिंग त्या खुणेच्याही थोडी पुढे फिरते. कॅमेरा व्याध या रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याकडे वळवावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये प्रतिमा दहापट मोठी करावी आणि रिंग हळूहळू फिरवत तारा सर्वांत लहान दिसेल ती जागा ओलांडून पुन्हा मागे यावे. जागा सापडताच ऑटोफोकस बंद करून रिंगवर चिकटपट्टी लावावी. अन्यथा कॅमेरा मृगाकडे वळवताना बोटाचा धक्का लागून सगळी मेहनत वाया जाते. रात्री गारवा वाढला की फोकस किंचित सरकतो, म्हणून तासाभराने तो पुन्हा तपासावा.

सगळ्या चांदण्या एकाच दिशेने आणि सारख्याच लांबीने ओढल्या गेल्या असतील, तर ते पृथ्वीच्या परिवलनाचे काम आहे. ५०० ला फोकल लेंग्थने भागून एक्स्पोजरचे सेकंद काढण्याचा जो नियम सर्वत्र सांगितला जातो, तो फिल्मच्या काळात ठीक होता. साध्या डीएसएलआरमधील छोट्या (एपीएस-सी) सेन्सरसाठी फोकल लेंग्थला १.५ या गुणकाने गुणले तरी ५० मिमीसाठी त्यातून साडेसहा सेकंद निघतात. प्रत्यक्षात बाणाच्या तीन चांदण्या खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातील रेषा) लागून असल्याने तेथील तारे सर्वाधिक वेगाने, सेकंदाला १५ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतात आणि २४ मेगापिक्सेलच्या अशा सेन्सरवर ५० मिमी लेन्समधून हे अंतर साधारण एक पिक्सेल भरते. त्यामुळे साडेसहा सेकंदांत टिंबाची रेघ होते; दोन ते तीन सेकंदांवर थांबणेच बरे.

रेघ वाकडीतिकडी असेल किंवा लागोपाठच्या फोटोंत तिची दिशा बदलत असेल, तर कॅमेरा हलला आहे. स्लॅब भक्कम वाटतो, पण शेजारून कोणी चालत गेले किंवा टाकीचा पंप सुरू झाला, तरी त्याचा हादरा ट्रायपॉडपर्यंत पोहोचतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये, बटण दाबण्याऐवजी टायमर वापरावा आणि लेन्समधील स्थिरीकरणाची सोय बंद ठेवावी, कारण ट्रायपॉडवर तीच कधीकधी थरथर निर्माण करते.

सुरुवातीचे फोटो स्वच्छ आणि नंतरच्या फोटोंत चांदण्यांभोवती वाढत जाणारे वलय, हे लक्षण लेन्सवर जमलेल्या दवाचे. ते कापडाने पुसू नये. हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून द्यावी. लेन्सला हूड लावलेले असेल तर दव उशिरा जमते.

पार्श्वभूमी पांढुरकी किंवा नारिंगी होते तो दोष मात्र खरोखरच शहराच्या उजेडाचा, आणि एक्स्पोजर वाढवून तो आणखी चिघळतो. त्यापेक्षा दोन-दोन सेकंदांचे शंभर फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घेऊन डीपस्कायस्टॅकर किंवा सिक्वेटर यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करावेत. शंभर फोटोंच्या सरासरीत नॉइज, म्हणजे फोटोतील दाणेदार खरखर, सुमारे दहापटीने घटतो. मग पार्श्वभूमीचा उजेड वजा करून तेजोमेघ वर काढता येतो. मेनूमधील ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ सुरू राहिले, तर कॅमेरा लांब एक्स्पोजरनंतर तितकाच वेळ शटर बंद ठेवून दुसरा फोटो घेतो. त्यात निम्मी रात्र तर जातेच, शिवाय तारामार्गांचे, म्हणजे ताऱ्यांच्या लांब रेघांचे, फोटो काढताना रेघा तुटक येतात. ती सोय बंद करून शेवटी झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांचे आणि त्याच आयएसओचे (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) वीसेक काळे फोटो घ्यावेत; सॉफ्टवेअर सेन्सरचा नॉइज वजा करायला तेच वापरते.

चंद्राची गोष्ट उलटी आहे. तो उन्हात पडलेला खडक आहे. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा भोवतालच्या अंधाराला फसून त्याचा पांढरा ठिपका करतो. पौर्णिमेला आयएसओ १००, एफ/११ आणि १/१०० सेकंद येथून सुरुवात करावी. विवरे हवी असतील तर पौर्णिमेऐवजी अष्टमी निवडावी.

मोबाइल दुर्बिणीला लावून फोटो काढणाऱ्यांनी खोक्यावरच्या ‘५२५ पट’ या आकड्याला भुलू नये. ६० मिमी भिंगाच्या दुर्बिणीतून १२० पटींपलीकडे नवे काही दिसत नाही, फक्त धूसरपणा मोठा होतो. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडत असतो, त्यामुळे तेव्हा गुरूचे बिंब उकळल्यासारखे दिसते. मध्यरात्रीनंतर तेच बिंब बरेच स्थिर होते. अशा स्वस्त दुर्बिणींबरोबर कधीकधी आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावण्याचा छोटा सौरफिल्टर येतो. तो फेकून द्यावा, कारण एकवटलेल्या उष्णतेने तो तडकू शकतो आणि डोळा क्षणात जाऊ शकतो. सूर्यासाठी योग्य फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच पक्का बसवावा आणि नेम धरण्यासाठी तिच्यावर बसवलेली छोटी शोधक दुर्बीणही झाकून ठेवावी.